डावखुरे, पगारी आणि रांगेबाहेरचे

हेडफोन नीट लावा, दारातून थोडं आत सरका. आज सुरुवात बेसबॉलने.

बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक पडले की बॅटर बाद. याला म्हणतात स्ट्राइकआउट. आपल्या ‘क्लीन बोल्ड’सारखंच. झेल नाही, रनआउट नाही, श्रेय जवळजवळ सगळं फेकणाऱ्याचं. १८८६ साली बाल्टिमोरच्या मॅट किलरॉयने एका मोसमात ५१३ स्ट्राइकआउट केले. तो विक्रम अजून मोडलेला नाही. (तेव्हा पिचर आजच्यापेक्षा जवळून फेकायचे, हेही खरं.) पुढच्याच वर्षी नेवार्कच्या जॉर्ज स्टोव्हीने तिसाहून जास्त सामने जिंकून दिले. पण स्टोव्ही काळा होता. त्याच मोसमात लीगने ठरवलं, काळ्या खेळाडूंशी नवे करार नकोत. विषय संपला.

किलरॉय डावखुरा, स्टोव्हीही डावखुरा. आणि त्याच सुमारास आपल्या पुण्यात तिसरा डावखुरा तयार होत होता: पळवणकर बाळू.

चांभार समाजातला मुलगा. आधी पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार. तिथे साहेबांना नेटमध्ये बोलिंगही टाकायची. तासन् तास! असं सांगतात की ग्रेग नावाचा साहेब आउट झाला की बाळूंना आठ आणे द्यायचा. म्हणजे महिन्यात आठ वेळा उडवला की पगाराएवढी वरकमाई. बॅट मात्र हातात कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम बाळूंचा.

पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानात चेंडू सगळे एकच हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, हातात मातीचं भांडं. विकेट चालते, कप चालत नाही! हे मला आजही पचत नाही.

पुढे ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी लागली. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे आठ बळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर आपला संघ सपाटून हरत होता, आणि बाळूंनी एकट्याने ११४ गडी टिपले.

कप्तानपद? ते दुसऱ्यांकडेच जात राहिलं. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ जाहीर पत्रक काढून बाहेर पडले. मग मंडळी नरमली, बाळूंना उपकप्तान केलं. आणि १९२३ मध्ये हिंदूंचा कप्तान झाला विठ्ठल पळवणकर.

विठ्ठलवर पुढच्या भागात. तोवर, दादर आलं असेल तर उतरा.