जखम भरल्यानंतरचा हिंवाळा



हाताची जखम भरली, टांके निघाले, कीं हात बरा झाला असें आपण धरून चालतों. परंतु ज्या हाताचे मज्जातंतु अपघातांत किंवा शस्त्रक्रियेंत दुखावले असतील, त्याची खरी परीक्षा पहिल्या हिंवाळ्यांत होते.

वर्ध्याजवळ धाम नदीच्या कांठीं वसलेलें पवनार आपणांस ठाऊक आहेच. १९३८ सालीं विनोबाजी तेथें राहावयास आले, आणि कताईला व शेतश्रमाला त्यांच्या आश्रमांत मोठा मान मिळाला. आजहि त्या परिसरांत अनेकांचें पोट हातावरच आहे. सोयाबीनची मळणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. यंत्रांत बोट चेंगरणें, विळ्यानें तळहात कापणें हे प्रकार अशाच घाईच्या दिवसांत घडतात. टांके निघतात न निघतात तोंच मार्गशीर्ष येतो. पहांटे पारा कधीं १० अंशांच्याहि खालीं उतरतो. अशा वेळीं दंवानें भिजलेल्या कापसाला हात लागतांच बोट पांढरें किंवा निळसर पडतें, ताठरतें, आणि कळ थेट वरपर्यंत चढते. घरचीं माणसें मात्र म्हणतात, "जखम तर कुठें दिसत नाहीं! कामाचा कंटाळा, दुसरें काय?"

हा आरोप अन्यायाचा आहे. या वेदनेस शरीरांतच कारण आहे. निरोगी हात बर्फाच्या पाण्यांत धरला, तर बोटांतील रक्तवाहिन्या प्रथम आकसतात. पण कांहीं मिनिटांनीं त्या आपोआप फुलतात, पुन्हा आकसतात, पुन्हा फुलतात. इंग्लंडांतील वैद्य सर थॉमस लुईस यांनीं १९३० सालीं या क्रियेचें वर्णन केलें. तिच्यामुळें बोटांस मधूनमधून ऊब मिळते. मज्जातंतु तुटल्यास ही व्यवस्था बिघडते. बोट गार पडलें कीं लवकर तापत नाहीं. शिवाय दुखावलेले तंतु साध्या गारव्याची वार्तादेखील मेंदूला वेदना म्हणून कळवितात. तंतु शिवला, तरी त्याची वाढ दिवसाला सुमारें १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर अंतर धरलें, तर तेवढ्या वाटचालीलाच ६ महिने हवेत. कातडी पंधरवड्यांत जुळते; आंतलें काम तेव्हां कुठें सुरू झालेलें असतें.

हात गारठला, कीं माणूस शेकोटीकडे धांवतो. खरा धोका येथेंच आहे. ज्या बोटाला थंडी असह्य होते, त्याच बोटाला चटका मात्र कळत नाहीं, असें पुष्कळदां असतें. वर्ध्याजवळील दत्तपूर येथें विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ पासून कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. त्या रोगांतहि मज्जातंतु बधिर होतात, आणि गरम भांडें हातांत धरल्याचें रोग्यास फोड आल्यावरच उमगतें. अपघातानें बधिर झालेल्या बोटाची गत याहून निराळी नाहीं. म्हणून दुखावलेला हात विस्तवाजवळ धरूं नये. ऊब द्यावयाची ती कोमट पाण्यानें. आणि तें पाणी दुसऱ्या, धड हाताच्या कोपरानें आधीं पाहून घ्यावें.

शेकण्यापेक्षां गारठूं न देणें बरें. घराबाहेर पडण्यापूर्वींच सैल लोंकरी हातमोजा घालावा. घट्ट मोजा रक्त अडवितो. केवळ हात झांकून भागत नाहीं. डोकें, छाती व पायहि झांकावे, कारण अंग गारठलें कीं शरीर प्रथम हातापायांचेंच रक्त आंत ओढून घेतें. बिडी आणि खर्रा सोडावा. तंबाखूंतील निकोटिन रक्तवाहिन्या आकसवितें, म्हणजे थंडीचेंच काम करतें. बोट दगडासारखें जपून ठेवूं नये. डॉक्टरांनीं मोकळीक दिल्यावर तें हलवावें, आणि दिवसांतून कांहीं वेळां प्रथम कापूस, मग खादी, मग गोणपाट असें क्रमानें त्यावरून हलकेंच फिरवावें. स्पर्शाची ही संवय हळूहळू वेदना बोथट करते.

कांहींची ही वेदना दोन-तीन हिंवाळ्यांत उतरते, कांहींची पुष्कळ वर्षें राहते. बोटावर व्रण पडला, निळेपणा उबेनेंहि जाईना, किंवा सूज व आग वाढूं लागली, तर विलंब न करतां सेवाग्राम किंवा जवळच्या रुग्णालयाची वाट धरावी.

उरलेलें औषध घरच्यांच्या हातीं आहे. ज्याचा हात दुखावला आहे, त्याला रात्रीं गव्हाला पाणी देण्यास पाठवूं नका. ज्या बाईचें बोट कापलें आहे, तिला वेचणीस ऊन वर आल्यावर जाऊं द्या. पहांटेचीं भांडीं दुसऱ्या कोणीं तरी घांसावीं. एक-दोन हिंवाळे एवढी वांटणी केली, तर तो हात पुढें कित्येक वर्षें त्याच घरासाठीं राबेल.