मुलांचे मन आणि घराचे कर्तव्य
(आरोंदा येथे दिलेले भाषण)



मुलाच्या अंगात ताप भरला तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. परंतु तेच मूल अबोल झाले, शाळेस जाईना, रात्री दचकून उठू लागले किंवा सतत मारामारी करू लागले, तर आपण काय करतो? एक तर छडी उगारतो, नाही तर कौल लावावयास जातो. ज्या रूढींचा आपण त्याग केला, त्यांना मुलाच्या दुखण्याचे निमित्त करून पुन्हा घरात घेणे आपणांस शोभत नाही.

मुलाचे मन घरात घडते. म्हणून केवळ मुलावर उपचार करून भागत नाही. आईबापांसही शिकावे लागते. आपल्या तेरेखोल खाडीपलीकडे, गोव्यात, १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने बालविकास व कुटुंब-मार्गदर्शन यांपासूनच आरंभ केला. मनोविकाराचे डॉक्टर थोडे, हे ओळखून तिने सामान्य माणसांनाच समुपदेशनाचे शिक्षण दिले. असे कार्य गावोगाव वाढले पाहिजे.

ही भीक नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. मुलांसाठी सेवा व रुग्णाच्या कुटुंबास आधार या गोष्टीही त्यात आहेत. हा हक्क आरोग्य केंद्रात जाऊन मागा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे.

आणि आज रात्री एवढे करा: मुलाजवळ बसा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका.