सामायिक विहीर आणि गाळ

‘ओपनएसएसएल’ ही संगणक-संहिता कोणा एकाच्या मालकीची नाही. परवलीचे शब्द, बँकेचे व्यवहार, खाजगी पत्रे गुप्त लिपीत बांधून संगणकांच्या जाळ्यावरून पाठविण्याचे काम ती करते. कोणीही ती विनामूल्य वापरावी, वाचावी, सुधारावी. ७ एप्रिल २०१४ रोजी तिच्यातील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जगापुढे आला.

दोष साधाच होता. संबंध जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याकडे लहानसा मजकूर पाठवितो व त्याची लांबी कळवितो. दुसऱ्याने तोच मजकूर परत करावयाचा. एकच अक्षर पाठवून लांबी ६४ हजार सांगितली, तर? सांगितलेली लांबी पडताळून पाहण्याची तरतूद करावयाची राहून गेली होती. ज्या ‘सी’ भाषेत ही संहिता लिहिलेली आहे, ती अशी मर्यादा आपण होऊन राखीत नाही. त्यामुळे त्या अक्षरालगत स्मृतीत जे पडलेले असेल ते, परवलीचे शब्द आणि प्रसंगी गुप्त किल्लीसुद्धा, मागणाऱ्याच्या हाती जाई. मागे खूणही राहात नसे. मार्च २०१२ पासून दोन वर्षे ही फट उघडी होती. दोष जाहीर झाल्यानंतर कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले.

चूक एका स्वयंसेवकाची होती. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ती सुटली. पण त्यांना दोष देऊन मोकळे होणे हा न्याय नव्हे. जगातील लक्षावधी संकेतस्थळे या संहितेवर विसंबून होती, आणि तिची देखभाल करणाऱ्या संस्थेला वर्षाकाठी देणग्या मिळत त्या सुमारे २,००० डॉलर्स. पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच! दोष उघड झाल्यावर काही आठवड्यांतच लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने बड्या कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला किमान १ लाख डॉलर्स तीन वर्षे देण्याचे मान्य केले. म्हणजे पैसा होता; कर्तव्याची जाणीव नव्हती.

सार्वजनिक ते बेवारस, असा निष्कर्ष यातून काढणारे काढतील. तो खोटा आहे. सामायिक विहिरीवर ज्यांनी मोटा लावून बागायत केली, त्यांनी गाळ मात्र दुसऱ्याने फुकट काढावा असे गृहीत धरले होते. संहिता सर्वांना वाचावयास खुली आहे, एवढ्याने ती कोणी वाचतोच असे होत नाही. वाचणे हे श्रम आहेत. आणि त्या श्रमांचे मोल, ज्यांनी लाभ घेतला त्यांनीच दिले पाहिजे.