जुनी गोळी, नवा सातबारा

(नायगावच्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



मी वकील नाही, डॉक्टरही नाही. माझा बाप महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. १९९५ साली त्याचं पोट डाव्या अंगाने फुगायला लागलं. आईला वाटलं, दारू. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या. रक्ताचा कॅन्सर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: कॅप्सूल देतो, त्याने पेशी दबतील, रोग जाणार नाही. दुसऱ्याच्या हाडातला मगज घालायचा तर जुळणारा भाऊ पाहिजे आणि लाखांनी पैसा पाहिजे. भाऊ होता, पण जुळला नाही. पैसा तर नव्हताच. १९९८ च्या जुलैत बाप गेला.

त्याच महिन्यात, १७ जुलै १९९८ ला, मद्रासच्या पेटंट कार्यालयात एक अर्ज दाखल झाला. स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीचा. औषध इमॅटिनिब, आणि रोग माझ्या बापाचाच. महिनाभरापूर्वी, जूनमध्ये, अमेरिकेत ऑरेगॉनला ते औषध पहिल्यांदा माणसाला देऊन बघायला सुरुवात झाली होती. म्हणजे गोळीमुळे बाप वाचला असता असं मी म्हणणार नाही. तेव्हा ती बाजारात नव्हतीच. खोटा हिशोब मांडून भाषण करायची मला हौस नाही. पण पुढे तो अर्ज वाचला आणि डोकं फिरलं. तेच आज सांगायला उभा आहे.

आधी पेटंट म्हणजे काय ते बघू. तो एक सौदा आहे. तू नवीन काही शोधलंस, ते कसं केलंस ते सगळ्यांना उघड सांग. बदल्यात आम्ही, म्हणजे समाज, तुला २० वर्षं मक्तेदारी देतो. २० वर्षं झाली की ते ज्ञान सगळ्यांचं. मक्तेदारी हे बक्षीस समाजाने दिलेलं आहे, वरून पडलेलं नाही. तेव्हा ते कशाला द्यायचं आणि कशाला नाही, हे ठरवायचा हक्क पण समाजाचाच.

इंग्रजांनी आपल्याला १९११ चा पेटंट कायदा दिला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला. त्यात दिसलं की इथली ८० ते ९० टक्के पेटंटं परकीयांची, आणि त्यातल्या बहुतेकांचा माल इथे बनतच नाही. त्यातून १९७० चा कायदा आला. त्याने सांगितलं, औषधावर पेटंट नाही, औषध बनवायच्या पद्धतीवरच मिळेल, आणि तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. म्हणजे तुझी वाट तुझी. दुसऱ्याने वेगळ्या वाटेने तीच गोळी बनवली तर त्याला अडवायचं नाही. आज भारतात स्वस्त औषधांचे कारखाने दिसतात, त्यांची मुळं या कायद्यात आहेत.

मग १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. भारताने सही केली. १ जानेवारी २००५ पासून औषधावर पुन्हा पेटंट द्यायचं कबूल केलं. पण देशात आणि संसदेत आरडाओरडा झाला, म्हणून त्या वर्षीच्या दुरुस्तीत कलम ३ (डी) कडक झालं. त्याचा अर्थ मी तुम्हाला साखरेवरून सांगतो.

साखर तुम्हाला माहीत आहे. तिचीच खडीसाखर केली. खडा दिसायला वेगळा, डब्यात चांगला राहतो, ओला होत नाही. गोडी? गोडी तीच. कलम म्हणतं, आधीच माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा आकार आणाल तर तो शोध नव्हे. त्याचा गुण खरोखर वाढला असेल तर दाखवा, मग बोलू.

आता तो अर्ज. इमॅटिनिब या मूळ रसायनाचं अमेरिकेतलं पेटंट १९९३ च्या अर्जावरचं. तेव्हा भारतात औषधावर पेटंट मिळतच नव्हतं, म्हणून मूळ रसायन इथे मोकळंच राहिलं. मग १९९८ ला कंपनी काय घेऊन आली? त्याच रसायनाच्या क्षाराचा एक स्फटिक. त्याचं नाव बीटा स्फटिक. ही झाली खडीसाखर. जुन्या जमिनीवर नवा सातबारा मागायचा, तसा प्रकार.

अर्ज पडून होता, पण २००३ च्या नोव्हेंबरात कंपनीला भारतात एकट्याने विकायचा हक्क मिळाला. मद्रास हायकोर्टाने काही देशी कंपन्यांची गोळी थांबवली. आपल्या मुंबई हायकोर्टाने २००४ च्या डिसेंबरात तसा मनाई हुकूम द्यायला नकार दिला. देश एक, रोग एक, आणि कोर्टं दोन दिशांना. कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये. देशी गोळीचा ८ ते १० हजार. आणि ही गोळी महिनाभर घेऊन थांबायची नसते. रोज घ्यायची, वर्षानुवर्षं.

पुढचं भराभर सांगतो. जानेवारी २००६ ला मद्रासच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने कलम ३ (डी) लाच घटनाबाह्य म्हणून आव्हान दिलं. ऑगस्ट २००७ ला मद्रास हायकोर्टाने ते फेटाळलं. २००९ ला अपील मंडळानेही पेटंट नाकारलं. शेवटी १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई. त्यांनी म्हटलं, औषधाचा गुण म्हणजे रोग्याला बरं करायचा गुण. स्फटिक चांगला वाहतो, टिकतो, कमी ओलसर होतो, हे कारखान्याच्या सोयीचं. रक्तात ३० टक्के जास्त उतरतो म्हणता, पण त्याने रोग्याचा उपचार जास्त चांगला होतो हे कुठे दाखवलंत? पेटंट नाही.

चाळीसेक देशांनी तेच पेटंट देऊन टाकलं होतं. आपल्या कायद्याने दिलं नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी उठून म्हणेल, आणि म्हणावंच: अरे, संशोधनाला पैसा लागतो. नफा नाही तर औषध कोण शोधणार? प्रश्न बरोबर आहे. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रसायन बनवलं, हे खरं. पण या रोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसतं, ते १९६० ला फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांनी पाहिलं. नंतरची कित्येक वर्षं विद्यापीठांनी, लोकांच्या पैशावर, त्याचा माग काढला. ऑरेगॉनच्या विद्यापीठातले डॉक्टर ब्रायन ड्रुकर गोळी रोग्यांपर्यंत नेण्यासाठी झटले. पहिले रोगी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून घ्यायला तयार झाले. इतक्या हातांचं काम, आणि सातबाऱ्यावर नाव एकाचं. तरी मूळ शोधाचं बक्षीस मिळू नये असं मी म्हणत नाही. ते जगभर मिळालं. माझं भांडण दुसऱ्या बक्षिसाशी आहे.

दुसरा जण म्हणेल, कंपनी तर गरिबांना फुकट देत होती. होय, देत होती. भारतात हजारो लोकांना मिळाली, आणि त्यातले कित्येक जगले. त्यांचा अपमान होईल असं एक अक्षर मी बोलणार नाही. पण आपल्या आज्यांना विचारा. पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हतं असं नाही. वरून ओतलं जायचं, आपण ओंजळ धरून खाली वाकायचं. ओतणाऱ्याच्या मनात असेल तेव्हा, मनात असेल तेवढं. १९२७ ला महाडच्या तळ्यावर माणसं गेली ती काही फक्त तहान लागली म्हणून गेली नाहीत. दान देणारा दान थांबवू शकतो. कायदा आपल्या हातात असला तर ओंजळ धरावी लागत नाही.

देशी कंपन्या म्हणजे संत, असं पण समजू नका. त्या धंदाच करतात. पण चार दुकानं असली की भाव उतरतो. २०१२ च्या मार्चमध्ये मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिबसाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला. बायर कंपनीचा महिन्याचा भाव २ लाख ८० हजारांवर. नॅटकोला कमाल ८,८८० रुपये ठरवून दिले, आणि बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन, जे नंतर ७ टक्के झालं. भारतातला हा पहिलाच सक्तीचा परवाना. इमॅटिनिब ज्यांना लागू पडत नाही त्यांच्यासाठी डासाटिनिब आहे. त्याच्यासाठी कुणी अर्ज केला तर तो २०१३ मध्येच नाकारला गेला. हत्यार भिंतीवर टांगून ठेवलं की गंज चढतो.

आता आपलं काम. इमॅटिनिबच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत कंपन्या होत्या, पण मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पण होती. रोग्यांची संस्था. कारण पेटंट मिळण्याआधी त्याला विरोध कुणीही करू शकतो. कायद्यात तसं लिहिलंय, ‘कुणीही’. टीबीच्या बेडाक्विलिनवरचा असाच क्षाराचा अर्ज २०२३ च्या मार्चमध्ये फेटाळला गेला. विरोध करणाऱ्या दोन बाया होत्या, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून उठलेल्या, उपचारात दोघींची श्रवणशक्ती गेलेली.

आणि बरोबर याच दारावर आता पहारा बसलाय. २०२४ च्या मार्चमधल्या नव्या नियमांनी या विरोधाला फी लावली, आणि विरोध ऐकायचा की नाही हे आधी अधिकारी ठरवणार. दार बंद केलं नाही, अरुंद केलं. आपण गेलोच नाही तर उद्या म्हणतील, कुणी येतच नव्हतं.

म्हणून पोरांनो, बी. फार्म., बी. एससी., एलएल. बी. करताय ना? पेटंटचे अर्ज छापील असतात, सगळ्यांना उघडे असतात. ते वाचायला शिका. ‘नवा क्षार’, ‘नवा स्फटिक’ असं दिसलं की थांबा आणि विचारा, गोडी वाढली का?

आमच्या चाळीतल्या मंगलमावशीला २०१४ साली बापाचाच रोग निघाला. ती रोज जेवणानंतर देशी गोळी घेते, तांब्याभर पाण्याबरोबर. डोळ्याखाली सूज येते, रात्री पायात गोळे येतात. रक्ताच्या तपासणीचा खर्च अजून जड जातो, तिथे आपली लढाई बाकी आहे. पण ती जिवंत आहे. सकाळी मेथीच्या जुड्या बांधते आणि मला शिव्या घालते, लग्न कर म्हणून.

बापाला तीन वर्षं मिळाली. मावशीची दहा कधीच उलटून गेलीत. मधल्या काळात विज्ञान पुढे गेलं, आणि कुणीतरी कार्यालयात जाऊन अर्ज वाचला. पहिलं काम शास्त्रज्ञांचं होतं. दुसरं आपल्याला जमण्यासारखं आहे.

जय भीम.