वेण्णा तलावातले डायटम



महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात तुम्ही नौकाविहार केला असेल.
त्या पाण्यात डायटम राहतात.
डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल.
त्याचं कवच काचेसारखं, सिलिकाचं असतं.

जात ओळखायला आधी सूक्ष्मदर्शक लागतो.
आम्लानं कवच स्वच्छ केलं,
की त्यावरच्या बारीक रेषा मोजता येतात.

पण काही जाती दिसायला अगदी सारख्या.
तिथे डीएनए तपासावा लागतो.

पन्हाळगडावरच्या डायटमवर संशोधक एच. पी. गांधी यांनी १९५९ सालीच लिहिलं.
आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमचा अभ्यास चालतो.

डायटमच्या जातींवरून पाण्याची प्रत कळते.
म्हणून त्यांची ओळख अचूक हवी.

लक्षात ठेवा, श्रोतेहो:
आधी कवच पाहायचं, मग डीएनए.
दोन्ही जुळले, की ओळख पक्की.