जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिजतन



वसमतचे नाव घेताच हळदीची बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी राहते. येथील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु लग्नघरी जात्यावर हळद दळताना स्त्रिया ज्या ओव्या गात, त्यांचे मोल कोणत्याही बाजारात ठरणारे नाही. घरोघरची जाती गिरणीमुळे थांबली आणि त्यांबरोबर हा स्वरही क्षीण झाला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून आरंभलेल्या कार्यामुळे महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण संगणकावर आले. असे कार्य गावपातळीवरही होऊ शकते, कारण अनेक घरांच्या फडताळांत आजी-मावशीच्या आवाजाच्या कॅसेटी आजही पडून आहेत. उष्णता, दमटपणा व बुरशी यांनी त्या फिती दिवसेंदिवस निकामी होत आहेत.

साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या दोन्ही बाजू प्रथम संगणकावर अखंड उतरवाव्यात. ही मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी व तिला कात्री लावू नये. तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. तुकडे करावयाचे ते नकलेचे. २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध असलेली 'ऑडॅसिटी' ही संगणकप्रणाली त्यासाठी पुरेशी आहे.

शांतता ओळखून आपोआप तुकडे पाडण्याची सोय अशा प्रणालींत असते. तथापि जात्याची घरघर अखंड चालू असल्याने तेथे पूर्ण शांतता सापडत नाही. जाते नसेल, तर गाणारी श्वास घेण्यास थांबताच ओवी मध्येच तुटण्याचा संभव असतो. म्हणून हे काम ओवी जाणणाऱ्या कानानेच करावे.

'एमपी-३' स्वरूपातील ध्वनी सुमारे २६ सहस्रांश सेकंदांच्या लहान खंडांत साठविलेला असतो. काही प्रणाली खंडाच्या सीमेवरच छेद देतात, त्यामुळे दर्जा घटत नाही. उलट, उघडून पुन्हा 'एमपी-३' म्हणून साठविल्यास प्रत्येक वेळी काही अंश गमावला जातो. दोन बाजू जोडताना दोन्हींचा नमुनादर व ध्वनिमार्गांची संख्या समान असावी, अन्यथा जोडलेला भाग बिघडतो.

सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक तुकड्यासोबत गाणारीचे नाव, तिची संमती, गाव, मुद्रणाचे वर्ष, कॅसेटीची बाजू आणि ओवीचा क्रम यांची नोंद ठेवावी. नोंदीविना सुटा झालेला आवाज अनाथ होतो. माहेर, भाऊ आणि पंढरीचा विठ्ठल यांच्या ओव्या ज्या क्रमाने ओठांवर आल्या, त्या क्रमातही त्या स्त्रीचे मन असते.

गावातील ग्रंथालये, शाळा आणि महिला बचतगट यांनी एकत्र येऊन एकेका कॅसेटीपासून आरंभ करावा. फीत टिकून आहे व तीमधील आवाज ओळखणारी माणसे हयात आहेत, तोवरच हे कार्य होणे शक्य आहे.