साथ आली तेव्हा



या व्याख्यानमालेत आजवर कवी बोलले, नाटककार बोलले, सीमाप्रश्नाचे अभ्यासक बोलले. यंदा तुम्ही साखरेच्या गोळ्या देणाऱ्या एका डॉक्टरला उभे केलेत. मी साहित्यिक नाही. पस्तीस वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो आहे. तुमच्यापैकी निम्म्या घरांचे केसपेपर माझ्या कपाटात आहेत, म्हणून आज थोडे मोकळेपणाने बोलणार आहे. हे भाषण पुढे छापील पुस्तिकेत वाचणाऱ्यांनाही माझे तेच सांगणे आहे.

विषय आहे साथीचे पहिले दिवस. करोना येऊन गेला, आपण त्यातून बाहेर पडलो, आता तो विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण साथ ओसरल्यावर माणूस सगळ्यात आधी तिची सुरुवात विसरतो. आणि चुका होतात त्या सुरुवातीलाच. माझ्याकडूनही एक झाली. ती सांगण्यासाठीच मी हे निमंत्रण घेतले.

तारखा आठवून पाहा. ३१ डिसेंबर २०१९ ला चीनमधल्या वुहानची बातमी जगाला कळली. ३० जानेवारी २०२० ला केरळात आपल्या देशातला पहिला रुग्ण सापडला. वुहानहून परतलेली ती एक विद्यार्थिनी होती. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे म्हटले. त्याच आठवड्यात देशातला पहिला मृत्यू आपल्याच राज्यात, कलबुर्गीत झाल्याचे जाहीर झाले. २२ मार्चला जनता कर्फ्यू, आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या वर्षी अनेक घरांत गुढी उभारली ती घरात असलेल्या साड्यांतलीच एक लावून आणि साखरेच्या माळेशिवाय. ६ एप्रिलला महावीर जयंती होती. रथयात्रेविना गेलेली महावीर जयंती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

त्या जानेवारी ते मार्चमध्ये तुमच्या मनात काय काय होते ते मला ठाऊक आहे, कारण ते सगळे प्रश्न तुम्ही मला फोनवर विचारलेत. पेपर घ्यावा का? दुधाची पिशवी धुवावी का? नोटांवर इस्त्री फिरवली तर चालेल का? कापूर, लवंग, हळदीचे पाणी, वाफ. यातले काय घ्यावे? उन्हाळा आला की तो मरतो म्हणे, खरे का? एका आजींनी तर मला विचारले, "डॉक्टर, देवाची भांडी सॅनिटायझरनं पुसली तर चालतंय काय वो?"

हे प्रश्न वेडे नव्हते. शत्रू दिसत नसला की माणूस हाताशी असेल ते शस्त्र उचलतो. पण काही भीती निष्पापांच्या जिवावर उठली. कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांचा धंदा बसला. आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका शेतकऱ्याने हजारो कोंबड्या खड्ड्यात जिवंत पुरल्या. मी मांस खात नाही, त्यामुळे कोंबडीचा भाव पडल्याने माझे काही बिघडत नव्हते. पण ती बातमी वाचून त्या दिवशी मला जेवण गेले नाही. अफवा पुढे पाठवणे ही हिंसाच आहे, हे मला लहानपणापासूनच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा त्या एका बातमीने जास्त शिकवले.

आता माझी गोष्ट.

२९ जानेवारी २०२० ला केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने एक पत्रक काढले. त्यात आर्सेनिकम आल्बम ३० हे होमिओपॅथिक औषध प्रतिबंधासाठी सुचवले होते : रिकाम्या पोटी, तीन दिवस. त्याच पत्रकात साबणाने हात धुणे, तोंडाला हात न लावणे, मास्क वापरणे हेही होते. लोकांनी पत्रकातून गोळीचे नाव तेवढे उचलले. आणि खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टरांनीही तेवढेच उचलले. आयुष्यभर "तुमची गोळी म्हणजे नुसती साखर" हे ऐकत आलो होतो. आता सरकारच आमचे नाव घेत होते. छाती फुगली.

मार्चमध्ये माझ्या दवाखान्यासमोर रांग लागली. मी आणि माझा कंपाउंडर रात्री बसून छोट्या कुप्या भरायचो. पैसे घेतले नाहीत. गल्लीतली मुले घरोघर वाटायला मदत करत होती. चांगले काम करतो आहोत असेच वाटत होते.

त्या रांगेत माझे एक जुने रुग्ण होते, निवृत्त शिक्षक. नाव सांगत नाही, आपण त्यांना गुरुजी म्हणू. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह, पण चालणे ताठ. जूनअखेर टाळेबंदी उठल्यावर ते दवाखान्यात आले तेव्हा मास्क खिशात होता. मी विचारले, "गुरुजी, मास्क?" ते हसून म्हणाले, "तुमचा कोर्स दोनदा झालाय की. आता कशाला नाकाला फडकं?" मीही हसलो. दवाखान्यात गर्दी होती. पुढच्या रुग्णाला बोलावले.

जुलैत ते नात्यातल्या एका बारशाला गेले. पावसाचे दिवस, खिडक्या लावलेल्या, एका खोलीत पंचवीस-तीस माणसे. आठवड्याने ताप आला. त्यांनी कोणाला सांगितले नाही. घरात उरलेली तीच कुपी काढून चार दिवस गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी मुलाने मला बोलावले. गुरुजी माझ्याशी नीट बोलत होते, चहाही विचारला. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८४. निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतो. ॲम्ब्युलन्स मागवली. गुरुजी परत आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा भेटायला आला. भांडायला आला नव्हता. एवढेच म्हणाला, "डॉक्टर, बाबा आमचं कुणाचं ऐकत नव्हते. तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं."

त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, तरी सांगतो. ३० पोटेन्सी म्हणजे शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरल केलेले औषध. त्या गोळीने करोना टळतो असा भक्कम पुरावा त्या वेळी माझ्या हातात नव्हता, आजही नाही. मी पुरावा दिला नाही, धीर दिला. धीर देणे डॉक्टरचे कामच आहे. पण साथीत धीराबरोबर सावधपणा दिला नाही, तर माणूस धीराच्या भरवशावर बंद खोलीत जाऊन बसतो. त्यानंतर मी प्रत्येक कुपीवर चिठ्ठी चिकटवू लागलो : "ही गोळी घेतली तरी मास्क, मोकळी हवा आणि अंतर सोडू नका." पण ती चिठ्ठी मार्चमध्ये हवी होती.

आमच्या पॅथीचे जनक हानेमान यांनी १८३१ मध्ये, युरोपात पटकीची साथ आली तेव्हा, एक लेख लिहिला. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म सजीव रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात, असा अंदाज त्यांनी त्यात मांडला होता. जंतुशास्त्र तेव्हा जन्मायचे होते. आम्ही त्यांची औषधे पाठ केली. संसर्गाकडे बघण्याची त्यांची नजर मात्र घेतली नाही.

आता नेमके काय उपयोगी पडते ते सांगतो, कारण पुढची साथ येणार आहे. कधी, कशाची, हे कोणी सांगू शकत नाही.

करोनाच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. साबण तूप लागलेल्या वाटीची चिकटाई काढतो, तसा हे आवरण फोडतो. त्यासाठी वीस सेकंद हात चोळावे लागतात. महाग साबण लागत नाही. ही झाली हाताची गोष्ट. पण पुढे कळले की दुधाच्या पिशवीपेक्षा श्वासाची भीती मोठी होती. बोलताना, गाताना, खोकताना जे बारीक कण बाहेर पडतात ते बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. म्हणजे आपण पिशव्या धुण्यात जेवढा वेळ घालवला तेवढ्यात घराच्या खिडक्या उघडायला हव्या होत्या. जुन्या वाड्यांचे चौक आणि समोरासमोरची दारे-खिडक्या हेच काम करत असत.

दुसरे, लक्षणे दिसण्याआधीही माणूस रोग देऊ शकत होता. संसर्ग झाल्यावर साधारण पाच दिवसांनी लक्षणे दिसत, क्वचित चौदा दिवसही लागत. चौदा दिवस वेगळे राहायचे ते त्यासाठी. "मला तर काही झालेले नाही" हे वाक्य म्हणूनच फसवे होते.

तिसरे मास्क. सुरुवातीला निरोगी माणसाला त्याची गरज नाही असे सांगितले गेले. एप्रिलच्या आरंभी आपल्या सरकारने घरी शिवलेला मास्क लावायला सांगितले, आणि जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सल्ला बदलला. लोक चिडले, "हे रोज वेगळं बोलतात." पण नवीन माहिती मिळाल्यावर मत बदलणे हा विज्ञानाचा धर्म आहे. जो पहिल्या दिवसापासून एकच खात्रीचा उपाय सांगतो, त्याच्यापासून सावध राहा, तो माझ्यासारखा ओळखीचा डॉक्टर असला तरी. आमच्यातले स्थानकवासी साधू-साध्वी मुखपट्टी बांधतात ती आपल्या श्वासाने सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. माझ्या श्वासाची जबाबदारी माझी, एवढे त्यातून घेतले तरी पुरे.

आपण साहित्यसंस्थेत आहोत, म्हणून शब्दांबद्दल दोन गोष्टी. सोशल डिस्टन्सिंगचे आपण 'सामाजिक अंतर' केले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावाबाहेर ठेवले, त्याने हा शब्द इतक्या सहज घ्यायला नको होता. 'शारीरिक अंतर' म्हटले असते तर अर्थही बरोबर लागला असता. शब्द चुकला आणि वागणेही चुकले. पुण्या-मुंबईहून घरी परतलेल्या पोरांकडे आपल्याच गल्लीने विटाळ झाल्यासारखे पाहिले. परिचारिकांना घर सोडायला सांगणारे मालक याच काळात निघाले. त्यामुळे झाले काय, तर ताप आलेली माणसे ताप लपवू लागली. कलंकाची भीती रोगापेक्षा मोठी झाली की रोगाला मोकळे रान मिळते.

दुसरी गोष्ट भाषेची. सूचना येत होत्या त्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना 'क्वारंटाइन' आणि 'आयसोलेशन' यांतला फरक कोणी समजावला नाही. संशय असलेल्याला वेगळे ठेवणे हे पहिले, रोग झालेल्याला वेगळे ठेवणे हे दुसरे. सरकारकडे मराठीत सूचना मागणे हा आपला हक्क आहेच. पण त्या येईपर्यंत शेजारच्या आजींना कन्नड पत्रक वाचून दाखवायला आपल्याला कोणी अडवले होते? आपल्यातल्या बहुतेकांना कन्नड वाचता येते. हे काम या संस्थेने करायला हवे होते. मी सभासद आहे, म्हणजे मीसुद्धा.

आपल्या मुलखाला साथ नवीन नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये शेजारच्या हुबळीत मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली. त्याच प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच पुण्यात सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधत होते, आणि त्या संतापातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. नियम तेव्हाही होते. विश्वास नव्हता. साथीत विश्वास हेच पहिले औषध असते, आणि ते जवळच्या, ओळखीच्या माणसाकडून मिळते. म्हणूनच माझ्यासारख्या ओळखीच्या माणसाची चूक जास्त महागात पडते.

शेवटी घरी गेल्यावर करायचे तेवढे सांगतो. घरात थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर ठेवा, आणि ते वापरायला घरातल्या दोघांनी तरी शिका. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या असू द्या. टाळेबंदीत कितीतरी जणांच्या गोळ्या मध्येच संपल्या होत्या. आई-वडील एकटे असतील आणि मुले बेंगळुरू-पुण्याला किंवा परदेशात असतील, तर गल्लीतल्या एका घराकडे किल्ली आणि फोन नंबर देऊन ठेवा. ताप आला तर पहिल्याच दिवशी सांगा. लस आली तर घ्या. आणि तुमचा डॉक्टर कोणत्याही पॅथीचा असो, त्याला विचारा, "हे उपयोगी पडते हे तुम्हाला कशावरून माहीत?" तो रागावला तर दुसरा शोधा. मला विचारलेत तर मी रागावणार नाही.

मराठीत रोगालाही साथ म्हणतात आणि सोबतीलाही साथच म्हणतात. त्या वर्षी एकीला घाबरून आपण दुसरी सोडली. पुढच्या वेळी तसे होऊ देऊ नका.

गुरुजींच्या केसपेपरची जागा मी अजून बदललेली नाही. टेबलाच्या वरच्या खणात तो असतो. गर्दीच्या दिवशी पुढच्या रुग्णाला बोलावण्याआधी मी समोरच्याला एकदा विचारतो, "मी काय सांगितले, ते परत सांगा पाहू." अर्धे मिनिट जाते.